रात्री नऊचं वादळ

जुन्नर-आंबेगावला समुद्र नाही. नाणेघाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की खाली कोकण दिसतं आणि सातवाहनांच्या काळात बंदरावरचा माल याच वाटेनं वर यायचा, एवढाच काय तो आमचा दर्याशी संबंध. लाट बघायची तर डिंभ्याच्या धरणावर जायचं. तरीही मे निम्मा सरला की इकडच्या पारावर अरबी समुद्राची खडान्‌खडा माहिती असते. लक्षद्वीपपाशी पाणी किती तापलंय, कमी दाब कुठं धरतोय, वरचा वारा त्याला टिकू देईल की नाही, सगळं तोंडपाठ.

ही सगळी फोनवरच्या विंडी या हवामान ॲपची कृपा. अमेरिकन मॉडेल दिवसातून चारदा नव्यानं गणित मांडतं आणि पुढच्या सोळा दिवसांचं भविष्य सांगतं. संध्याकाळी साडेपाचच्या नोंदींवरचं गणित आपल्याकडं रात्री नऊनंतर उतरायला लागतं. पूर्वी ही वेळ मालिकांची होती. आता शेजारचे तात्या अंगणात बाज टाकतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि जांभळ्या भोवऱ्याचा पुढचा भाग बघतात. काल भोवरा रायगडावर चालून येत होता, आज ओमानकडं निघालाय. "फितूर झाला," तात्या म्हणतात. पण गडी परत येणार, याची त्यांना खात्री असते, आणि उद्या रात्री नऊला तो खरंच परत येतो.

सोळाव्या दिवशीचा भोवरा बहुतेक वेळा कागदावरच विरतो. भर समुद्रात मोजमाप करणारी साधनं थोडी. सुरुवातीच्या नोंदीत केसाएवढा फरक राहिला तरी तो दिवसागणिक फुगत जातो. म्हणून युरोपियन हवामान केंद्र सुरुवात किंचित बदलून तेच गणित पन्नास वेळा मांडतं. मग नकाशावर रेषांचा गुंता दिसतो. एक रेषा गुजरातला, एक येमेनला, दोन-चार आमच्या रोखानं, आणि एखादी मधल्या मध्ये गिरक्या घेत राहिलेली. भावकीची बैठक बघितलेल्या माणसाला हा नकाशा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

गंमत अशी, की कोणतं मॉडेल चांगलं हे इकडं पिकावर ठरतं. तात्यांचा उन्हाळी कांदा काढून शेतात पडलेला असतो, बराखीत जायचा असतो, म्हणून जे मॉडेल पाऊस नाही म्हणेल ते शास्त्रीय. पश्चिमेकडं धूळवाफेवर भात पेरून बसलेल्या माणसाला तेच मॉडेल भिकार वाटतं. मुलीचं लग्न काढलेला बाप सगळी मॉडेलं बघतो आणि शेवटी मांडववाल्याला विचारतो. आमच्या आजी मात्र पंचांग काढून मृगाचं वाहन बघतात. कोल्हा किंवा मेंढा निघाला की कपाळाला आठ्या. पण एकदा निघालेलं वाहन रात्री नऊला बदलत नाही, हा पंचांगाचा गुण मोठाच म्हणायचा.

त्यात आमचा मुलूखही मॉडेलच्या चौकटीत बसणारा नाही. युरोपियन मॉडेलचा चौकोन नऊ किलोमीटरचा, अमेरिकन त्याहून ऐसपैस. एवढ्या चौकोनात सह्याद्रीचे कडे घासून गुळगुळीत होतात. इकडं नाणेघाटात हात पुढं केला तर दिसत नाही असा पाऊस, आणि त्याच तालुक्यात आण्याच्या पठारावर धूळ. पुण्यात पाषाणच्या हवामानशास्त्र संस्थेत घडलेलं सहा किलोमीटरचं भारतीय मॉडेल २६ मे २०२५ रोजी दिल्लीत देशाला अर्पण झालं. मॉन्सून त्याच दिवशी पुण्यात पोचला. समारंभाला वेळेवर आलेला हा एकच पाहुणा असावा.

त्याच्या आदल्या पंधरवड्यात 'शक्ती' चक्रीवादळ येणार म्हणून फोन नुसते तापले होते. वाऱ्यानं ताशी ६२ किलोमीटरचा वेग गाठल्याशिवाय नाव मिळत नाही. हे बाळ तिथवर पोचलंच नाही आणि २४ मे रोजी रत्नागिरीजवळ नुसतं कमी दाबाचं तीव्र क्षेत्र (डिप्रेशन) म्हणून किनाऱ्यावर चढलं. बारसं आम्ही आधीच उरकलं होतं. कांदा मात्र बिननावाच्या पावसानंही तेवढाच भिजला.

'निसर्ग' चक्रीवादळाच्या वेळी नाव, गाव, वेळ सगळं ठरलेलं होतं. नाव बांगलादेशानं दिलेलं. ३ जून २०२० रोजी दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला धडकलं आणि मग घाट चढून वर आलं. घाट आडवा आहे, वादळ खालीच राहील, असं म्हणणारे त्या दिवशी पत्र्यावर दगड ठेवत होते. खांब आडवे झाले, घरांचे पत्रे उडाले. आणि पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यात हिरड्याची झाडं झोडपून निघाली. पावसाळ्याच्या तोंडावर बाळहिरडा गोळा करायचा, वाळवायचा, विकायचा, त्यावर तिथल्या घरांचा वर्षाचा मीठमिरचीचा खर्च निघतो. विंडीवर वाऱ्याचा थर आहे, पावसाचा आहे, लाटांच्या उंचीचाही आहे, हिरड्याचा नाही. नुकसानभरपाईच्या सरकारी नियमांतही त्याला जागा सापडेना. पंचनामे झाले, पुढं वर्षानुवर्षं निवेदनं, उपोषणं, मोर्चे झाले.

त्या काळातल्याच एका उन्हाळ्यात आहुप्याकडच्या एक मावशी घोडेगावच्या बाजाराला आल्या होत्या. तात्यांनी मोठ्या हौसेनं त्यांना फोनवरचा भोवरा दाखवला, बोटानं पुढं सरकवून तो कोणत्या तारखेला कुठं असेल तेही सांगितलं. मावशींनी पदराला हात पुसून फोन धरला, सावलीत नेऊन नीट न्याहाळला.

"हिरड्याचे पैसे कुठवर आलेत, ते दिसतं का रं यात?"

तात्यांनी फोन परत घेतला, दोनदा बोट फिरवलं.

"अमेरिकनवर नाही दिसत, मावशी. युरोपियनवर बघायला लागंल."