कडी घातली का?

अहो वहिनी, ऐकलंत का? या ना अशा भिंतीजवळ. कुरडयांवर माझं लक्ष आहे, कावळा आला तर हाकलीन इथूनच. गुरुजींची सून कादंबरी लिहितेय! थ्रिलर. तेही सायकॉलॉजिकल, म्हणजे भूत बाहेर नसतं, डोक्यातच असतं म्हणे.

भिशीत तिनंच सांगितलं परवा. पुण्याची एक आयटीतली मुलगी रोज पहाटे दचकून उठते. कानात तोफा, आणि पाय गाळात रुतल्यासारखे. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, मग एक संमोहनवाला तिला मागे मागे नेतो, तर पोचते कुठं? आपल्या असईत! 23 सप्टेंबर 1803. शिंदे-भोसल्यांची फौज केळणा आणि जुईच्या मधे तळ ठोकून, आणि पलीकडून इंग्रजांचा तो वेलस्ली. वाटाडे म्हणाले, नदीला इथं उतार नाही. त्यानं बघितलं, दोन काठांना समोरासमोर दोन गावं. म्हणाला, लोक ये-जा करतच असणार. आणि उतरला की पाण्यात! पुढं वॉटर्लू मारली, तरी म्हणे त्याला असईच मोठी वाटायची. त्याच्याकडचेच दीड हजाराच्या वर मेले-जखमी झाले. आपल्याकडचे किती, ते कुणी धड मोजलेसुद्धा नाहीत.

तर काय सांगत होते... हां. बँकवाल्यांच्या मिसेसनं विचारलं, "मग ती मागच्या जन्मी कोण? राणी का?" सून म्हणाली, "नाही हो, शिंद्यांच्या गोलंदाजाची बायको." अस्सं तोंड उतरलं त्यांचं! चिवड्याचा घास हातातच. राणी नाही, सरदारीण नाही, मग मागचा जन्म घ्यायचा तरी कशाला?

पण मी म्हणते, बरोबर केलं पोरीनं. फौजेबरोबर बाजारबुणगे असायचे, बायका-पोरं असायची. तोफा उडाल्या तेव्हा त्या बायका कुठं पळाल्या असतील...

मग कोपऱ्यातून आवाज, "असलं काही नसतं. थोतांड." झालं! निवृत्त हेडबाईंनी नागपूरची शारदा काढली. तीच हो, 1974 ची. कॉलेजात शिकवणारी मराठी बाई, तिशी उलटलेली, एक दिवस बंगालीच बोलायला लागली. मराठी कळेना, आई-वडील ओळखू येईनात, विजेचा दिवा, आगगाडी म्हणजे नवलच. म्हणे मी शारदा, फुलं तोडताना पायाला साप चावला आणि गेले. कधी दिवसभर, कधी आठवडेच्या आठवडे तसंच. पुनर्जन्माचा अभ्यास करणारे अमेरिकेचे ते स्टीव्हन्सन आले, आपले अकोलकर बसले तपास करत. बंगालात एका चट्टोपाध्याय घराण्याची वंशावळ सापडली, त्यात तिनं सांगितलेलं वडिलांचं नाव!

हेडबाईंनी सगळ्यांकडं असं बघितलं, की आता बोला. तर बँकवाल्या काय ऐकतात! "बंगाली वाचायला थोडं शिकली होती ना ती शाळेत?" खरंच आहे ते, तेही तपासातच निघालं होतं. आता थोडंफार वाचता येणं वेगळं आणि तास न् तास बोलणं वेगळं, पण हेडबाईंचा चेहरा... चहात साखर विसरल्यासारखा.

आणि अमेरिकेतली ती ब्रायडी मर्फी माहितीये ना? 1952 साली एका व्यापाऱ्यानं एका गृहिणीला संमोहित केलं, तर ती आयर्लंडची ब्रायडी झाली. पुस्तक तडाखेबंद खपलं. मग पेपरवाल्यांनी खणून काढलं, की तिच्या लहानपणी समोरच्या घरात एक आयरिश बाई राहायची, तिचं माहेरचं नाव ब्रायडी मर्फी! म्हणजे बघा, मागचा जन्म कुठला, शेजारीणच डोक्यात बसलेली. तुम्ही-मी जपून बोलायला हवं हो.

अगं बाई, मुख्य तर राहिलंच. सून काल आमच्याकडं आली होती. मी दिवाणखान्यात तिचा पहिला चॅप्टर ऐकतेय. आत माझ्या सासूबाई पडून होत्या, ऐकू येत नाही म्हणतात त्या. ती वाचतेय, दचकून उठते, दार बघते... तर सासूबाई उठून आल्या. म्हणाल्या, "ही तर मी."

1948 साली आठ वर्षांच्या होत्या. निजामाच्या रझाकारांच्या भीतीनं रात्रीतून बैलगाडी जुंपली आणि देऊळगाव राजाकडं निघाले, तिकडं निजामाचं राज्य नव्हतं ना. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून ठेवलेल्या, आवाज नको म्हणून. पोरांच्या तोंडात गुळाचे खडे, रडू नये म्हणून. सप्टेंबरात पोलिस अॅक्शन झाली, 17 तारखेला निजाम शरण आला, मग परतले. दाराला कडीच नव्हती, उपटून नेलेली. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हापासून बघते वहिनी, रोज रात्री तीनदा उठतात. मला वाटायचं, वय झालं.

सुनेचं पेन तसंच वर. एवढंसं तोंड करून बसली. हळूच म्हणाली, "आजी, हे लिहू का मी पुस्तकात?"

सासूबाई आत वळल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "लिही बाई. नाव नको घालूस. जाताना कडी मात्र घाल."