लेवीय चौदा आणि बेडरूमची भिंत

आमच्या आजीच्या लेखी माणसं दोनच प्रकारची. शास्त्र वाचून चहा घेणारी आणि चहा घेऊन शास्त्र वाचणारी. दुसऱ्या प्रकारच्यांसाठी ती प्रार्थना करायची. मी तिसऱ्या प्रकारचा निघालो, आणि ते बघायला ती राहिली नाही.

आजी नगरची. मी चऱ्होली बुद्रुकला राहतो आणि चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातली खोट काढण्याचा मला पगार मिळतो. हे काम घरी फुकट करायची सोय नाही, कारण तिथं ते खातं बायकोकडं आहे.

वर्षाच्या शेवटच्या रात्री वॉचनाइट भक्तीत पाळकसाहेबांनी सगळ्यांना एकेक तक्ता दिला. एका वर्षात संपूर्ण पवित्र शास्त्र! पुस्तकं ६६, अध्याय ११८९. सवयीप्रमाणं मी आधी भागाकार केला. रोज सव्वातीन अध्याय. हा आकडा प्रॉडक्शनच्या माणसानं काढल्यासारखा आहे. ऐकताना वाटतं, यात काय! पाव अध्यायाचं काय करायचं, ते कुणीच सांगत नाही.

उत्पत्ती आणि निर्गम मी कंपनीच्या बसमध्ये सपाट्यानं वाचले. गोष्टीच तशा आहेत. आम्ही तळेगाव चौकात अडकलेलो आणि पुस्तकात इस्राएल लोक तांबड्या समुद्राशी अडकलेले. त्यांचा समुद्र त्याच रात्रीत दुभंगला, आमचा ड्रायव्हर मात्र इंजिन बंद करून तंबाखू मळत बसला.

२८ जानेवारीला लेवीय लागलं. ज्यांनी हा तक्ता कधी हातात धरलाय ते इथं हसतील, बाकीच्यांना सांगतो. लेवीय म्हणजे कुठल्या बळीची चरबी कुठं जाळायची, कुठला प्राणी खायचा नाही, अंगावर चट्टा उठला तर याजकानं तो कसा तपासायचा, याचं बारकाईनं लिहिलेलं पुस्तक. त्यात माझी थर्ड शिफ्ट लागली. तेराव्या अध्यायात, चट्ट्यांच्या ऐन मध्यावर, खूण म्हणून खिशातला लाल रिजेक्शन टॅग घातला आणि पुस्तक मिटलं. टॅगवर ‘होल्ड’ लिहिलं होतं. ते पाच महिने पाळलं गेलं.

याची लाज वाटावी अशी उदाहरणं आमच्यात भरपूर आहेत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, त्याआधी काम पुरं केलं होतं. लेवीय मराठीत आणायला त्या बाई हिब्रू शिकल्या. मला ते मराठीत वाचायला चष्मासुद्धा लागत नाही. नारायण वामन टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ मात्र मला धीर देतं. ते त्यांनी सुरू केलं आणि १९१९ साली ते वारल्यावर लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. आमच्याकडंही तसंच आहे, फक्त नवरा जिवंत आहे. बायको तक्त्याप्रमाणं रोज सव्वातीन अध्याय वाचते. पावाचं ती काय करते, हे मी विचारलेलं नाही.

मन लावायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पहाटे पाचला उठून डोळे मिटायचे. सव्वापाचला मोबाइल वाजतो. वाटतं, आजचं वचन आलं. उघडावं तर सोसायटीच्या ग्रुपवर ‘टँकर आला आहे, बी विंगचा व्हॉल्व्ह कोणी बंद केला?’ दिवसा प्रार्थनेला बसावं तर लोहगावच्या विमानतळावरून सुखोई उठतं. खिडकीच्या काचा थरथरतात आणि ‘आमेन’ कुणी म्हटलं ते कुणालाच कळत नाही. रविवारी उपदेशात तर मी सरळ झोपतो. प्रेषितांच्या कृत्यांत युतुख नावाचा तरुण आहे. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि हा खिडकीत बसल्या बसल्या पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलानं खाली जाऊन त्याला कवटाळलं, तो जिवंत निघाला, आणि पौल वर येऊन उजाडेपर्यंत पुन्हा बोलत बसला. पाळकसाहेबांना ही गोष्ट आवडते. मी खिडकीपासून लांब बसतो.

शेजारी वारकरी काका आहेत. आळंदी हाकेच्या अंतरावर, त्यामुळं पालखीच्या दिवसांत त्यांच्याकडं पन्नास माणसांच्या पंगती उठतात. ते मला ‘माउली’ म्हणतात, मी त्यांना ‘सलाम, काका’. लिफ्टमध्ये भेटले की विचारतात, “कुठवर आलं पारायण?”

“तेरावा अध्याय, काका.”

“मग राहिलं काय! पाचच की.”

त्यांच्या ज्ञानेश्वरीचे अठरा. माझे एक हजार शहाऐंशी बाकी आहेत, हे सांगायला लिफ्ट पुरत नाही.

जुलैत बेडरूमच्या भिंतीला ओल आली. आधी रुपयाएवढी, मग ताटाएवढी. बिल्डरचा माणूस आला, लांबूनच बघितलं आणि म्हणाला, “लीकेज नाही सर, कंडेन्सेशन आहे. खिडकी उघडी ठेवत जा.” बाहेर पाऊस धो धो.

त्या रात्री कपाट सरकवताना वरून शास्त्र पडलं आणि लाल टॅगाशी उघडलं. देव बोलला असं मी म्हणणार नाही, टॅग जाड होता. तेरावा संपवून चौदाव्यात शिरलो, आणि अर्ध्यावर भिंतच आली! घराच्या भिंतीला हिरवट किंवा तांबूस खळगे पडले तर काय करायचं, याची सगळी पद्धत. मालकानं याजकाला कळवायचं. याजक यायच्या आधी घर रिकामं करायचं. त्यानं डाग बघून घर सात दिवस बंद करायचं. सातव्या दिवशी फेरतपासणी. डाग पसरला असेल तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकायचे, भिंती खरवडायच्या, नवे दगड, नवा गिलावा. तरीही आला तर घर पाडायचं.

मी उठून बसलो. हा इन्स्पेक्शन रिपोर्ट होता! सात दिवस होल्ड, री-इन्स्पेक्शन, रिवर्क, शेवटी स्क्रॅप. तीन हजार वर्षांपूर्वीचा तो याजक माझ्याच खात्यातला निघाला. आणि कंडेन्सेशन म्हणून त्याला पाठवायची सोय नव्हती.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे सगळं वाचून दाखवलं. सेक्रेटरी मन लावून ऐकत होते. “हा नियम महापालिकेचा की रेराचा?” त्यांनी विचारलं.

“लेवीय, अध्याय चौदा.”

“कलम चौदा,” त्यांनी मिनिट्समध्ये लिहून घेतलं. मग थबकले. “पण पाडायचं मेंटेनन्समध्ये बसत नाही.”

डाग गेल्यावर शुद्धीला दोन पक्षी लागतात. तेवढी अडचण नव्हती. आमच्या डक्टमध्ये दोनशे कबुतरं आहेत.

२० जुलैला मी घर रिकामं केलं, म्हणजे बेडरूमचं सामान हॉलमध्ये आणलं. डागाभोवती मार्करनं रेघ मारली, तारीख घातली, सही केली. सात दिवस आम्ही कपाट, गाद्या आणि शिलाई मशीन यांच्यामध्ये राहिलो. रोज पहाटे पाचला मी टॉर्च घेऊन भिंतीसमोर उभा. मोबाइल वाजला, सुखोई उठलं, मला पत्ता नव्हता. इतकं एकचित्त होऊन मी जन्मात कशाकडं बघितलेलं नाही. आजीनं मागून पाहिलं असतं तर तिला वाटलं असतं, पोरगं प्रार्थनेला लागलं.

२७ जुलैला फेरतपासणी. डाग रेघेच्या दोन बोटं बाहेर. हॉलमध्ये गाद्यांच्या ढिगावर बसून बायको वाचत होती.

“कुठवर आलीस?”

“गीतरत्न संपत आलं,” ती म्हणाली आणि पुस्तक छातीशी धरून माझ्याकडं बघून हसली. सबंध शास्त्रातलं तेवढं एकच प्रेमकाव्याचं पुस्तक, आणि ते वाचताना तिच्यासमोर बनियनवर टॉर्च घेतलेला याजक. “तुम्ही?”

“चौदावाच. भिंतीपाशी.”

तेवढ्यात त्याच भिंतीवर पलीकडून धप्पकन थाप पडली आणि काकांचा आवाज आला, “माउली! तुमचा अध्याय आमच्याकडं उतरला!”