पस्तीस फुटी संसार

अमेरिकेतल्या मराठी माणसाने निवृत्तीनंतर काय करायचं, हे साधारण ठरलेलं असतं. उन्हाळा इथे आणि हिवाळा पुण्याच्या फ्लॅटवर. नाहीतर फ्लोरिडात लहानसं घर. नाहीतर लेकीच्या घरी नातवंडांना पोहायला नेण्या-आणण्याची बिनपगारी नोकरी. या तिन्ही वाटांना नमस्कार करून चौथ्याच वाटेने जाणारी एक जात आहे. ही माणसं न्यू जर्सीतलं चार खोल्यांचं घर विकतात, पस्तीस फुटी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेतात आणि देश बघायला निघतात. “मग आमच्या खोल्या?” म्हणून मुलं गळा काढतात. या मुलांनी गेल्या दहा वर्षांत त्या खोल्यांत पाऊल टाकलेलं नसतं, त्यामुळे आईबापांना पाझर फुटत नाही.

अशाच एका जोडप्यातले काका सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एम.एस. करायला आले, एका कंपनीला चिकटले आणि निवृत्तीच्या केकपर्यंत तिथेच राहिले. आयुष्यभर टोयोटा चालवली आणि प्रत्येक टाकीचं ॲव्हरेज वहीत मांडलं. तोच माणूस आता गॅलनला जेमतेम आठ मैल देणाऱ्या धुडाच्या चाकामागे बसलाय आणि धुडाची टाकी ऐंशी गॅलनची आहे. वही अजून आहे. ॲव्हरेजच्या रकान्यात काका हल्ली हवामान लिहितात.

आयोवातल्या फॉरेस्ट सिटी नावाच्या गावात विनेबागो कंपनीने 1966 साली पहिलं मोटारघर बाहेर काढलं. मक्याच्या मुलखातल्या लोकांना हे सुचावं आणि आपल्याला सुचू नये, याचं मला वैषम्य वाटतं. वळकटी, फिरकीचा तांब्या, दशम्या, लोणच्याची बरणी आणि घासलेटचा स्टो एवढं बरोबर घेतल्याखेरीज आपले पूर्वज पंढरपूरच्या पलीकडे गेले नाहीत. अर्धं घर तर आपण उचलतच होतो. चाकं तेवढी लावायची राहिली. काकूंनी ती उणीव भरून काढली आहे. आरव्हीच्या माहितीपत्रकात जिथे ‘वाइन रॅक’ म्हणून चित्र होतं, तिथे आता मेतकूट, भाजणी आणि दोन प्रकारचं तिखट उभं असतं. सोफ्याखालच्या कप्प्यात पुरणयंत्र आहे. ‘लागेल तेव्हा कुठे शोधू?’ हा काकूंचा युक्तिवाद नेवाड्याच्या वाळवंटात खोडून काढणं अवघड आहे.

गाडी पुढे नेणं सोपं असतं. पंचेचाळीस वर्षांच्या संसाराची परीक्षा ती मागे घेताना होते. संध्याकाळी कॅम्पग्राउंडवर पोचायचं, नेमून दिलेल्या जागेत पाठ लावून शिरायचं. काका चाकावर, काकू मागे उभ्या, दोघांच्या हातात वॉकीटॉकी.

“अहो, डावीकडे घ्या.”

“माझ्या की तुझ्या?”

“तुमच्या हो. नाही, थांबा. माझ्या.”

“अगं, आपलं दोघांचं तोंड एकाच दिशेला आहे का?”

“कधी होतं?”

शेजारपाजारची अमेरिकन म्हातारी मंडळी तोवर घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली असतात. भाषा कळत नसली तरी त्यांना शब्द न् शब्द समजतो, कारण सकाळी त्यांच्याकडे हाच प्रयोग इंग्रजीत झालेला असतो. शेवटी काकू वॉकीटॉकी खिशात टाकतात आणि एसटीच्या कंडक्टरसारखा गाडीच्या पाठीवर दणका घालतात. गाडी बरोबर जागेवर थांबते.

मग वीज. जुन्या कॅम्पग्राउंडवर 30 ॲम्पियरचाच जोड मिळतो. एसी चालू, मायक्रोवेव्हमध्ये भात, त्यात काकूंनी इंडक्शनवर कढई चढवली की फटकन अंधार. अंधारातून काकांचा आवाज येतो, “120 व्होल्ट गुणिले 30 ॲम्पियर म्हणजे 3600 वॅट. यात सगळं बसवायचं असतं.” काकू म्हणतात, “मला भाजणी भाजायची आहे. गणित नंतर घाला.” अखेर एसी बंद होतो. दर वेळी एसीच बंद होतो, असं निरीक्षण आहे.

देश बघायला निघालेल्या या दोघांपैकी देश प्रत्यक्षात काकूंनीच पाहिलाय. काकांचे डोळे रस्त्यावर, आरशावर आणि पुलांच्या उंचीच्या पाट्यांवर. “बायसन गेला,” असं काकू सांगतात. “कुठे?” “गेला.” ग्रँड कॅन्यनच्या काठावर जगभरची माणसं अवाक होऊन उभी असताना काका मागे वळून बघत होते. गाडी किंचित उतारावर उभी होती आणि फ्रिजला उतार चालत नाही.

पण भटकंतीचं वेडही खरं आहे. गाडीच्या दारावर अमेरिकेचा कोरा नकाशा असतो आणि एकेका राज्याचं रंगीत चिकटपत्र त्यावर लावायचं असतं. बाकीची माणसं राज्यातून नुसती गेली तरी ते चिकटवतात. काकांचा नियम कडक: रात्रीचा मुक्काम झाला तरच राज्य मिळालं. त्यापायी ते चिमुकल्या डेलावेअरमध्ये एका दुकानाच्या आवारात, दिव्याच्या खांबाखाली, मुद्दाम झोपले. हवाई मात्र रस्त्याने जोडलेलं नसल्यामुळे नकाशात कोरं आहे आणि त्यांना ते खुपतं.

राष्ट्रीय उद्यानांचा ज्येष्ठांसाठीचा आजन्म पास हा काकांचा दुसरा हळवा विषय. वयाची 62 वर्षं झाली की मिळतो. दहा डॉलरचा हा पास 2017च्या ऑगस्ट अखेरीस ऐंशी डॉलरचा झाला आणि काकांना 62 पूर्ण झाली ती त्याच सप्टेंबरात. त्या पासाने तंबूतळांच्या निम्म्या भाड्यात त्यांनी आजवर शेकडो डॉलर वाचवले असतील. ते बोलतात सत्तर डॉलरबद्दल.

आणि कायमचा पत्ता? घर विकल्यावर माणूस कुठला? काका साउथ डकोटाचे. त्या राज्यात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती आणि टपाल सांभाळणाऱ्यांचा पत्ता दाखवला की वाहन चालवण्याचा परवाना मिळतो, आणि तिथे राज्याचा आयकर नाही. ज्या माणसाने ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षं वकिलांचे उंबरे झिजवले, त्याला एका रात्रीत रहिवासी झाल्याचा केवढा आनंद!

हिवाळा ॲरिझोनात, क्वार्टझसाइटला. कॅलिफोर्नियाच्या हद्दीजवळच्या या वाळवंटी गावाबाहेर सरकारी जमिनीवर हजारो आरव्ही येऊन पडतात. सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या अख्ख्या हंगामाचं शुल्क कैक वर्षं 180 डॉलर होतं. काका ते महिन्यावर आणून ऐकवतात. इथे जागेवर नळ नाही की वीज नाही. आसपासचे अमेरिकन पाणी पुरवून कसं वापरायचं याची एकमेकांना शिकवणी देतात. काकूंचं माहेर बीडकडचं. निम्म्या बादलीत आंघोळ, त्याच पाण्यात पायपुसणं धुणं, हे त्या परकराच्या वयात शिकल्या. शेजारच्या मिनेसोटावाल्या आजी आता पितळी तांब्या कुठे मिळतो म्हणून विचारतात. शिवाय असं कोरडं, खणखणीत ऊन न्यू जर्सीत उभ्या जन्मात मिळालं नव्हतं. काकूंनी सौर पॅनेलशेजारी चादर अंथरून सांडगे, कुरडया आणि बटाट्याचा कीस घातला. राखणीला काका.

यलोस्टोनला मात्र त्यांची पंचाईत झाली. अस्वलांमुळे तिथे खाण्याचं किंवा वासाचं काही बाहेर ठेवायचं नाही, सगळं बंद गाडीत. रेंजरने नियम समजावला. काकूंनी आज्ञाधारकपणे सगळं आत घेतलं. रेंजरने गाडीभोवती एक चक्कर मारली, नाक वर केलं, आणि काही न बोलता तो पुढच्या गाडीकडे गेला. हिंगाला कुलूप घालायची सोय नियमावलीत नसावी.

शेवटी टाक्या. आरव्हीला सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात: संडासाची काळी आणि मोरीची करडी. आधी काळी रिकामी करायची, मग करडी, म्हणजे करड्या पाण्याने नळी धुऊन निघते. ज्या गृहस्थाने साऱ्या संसारात स्वतःचं ताट उचललं नाही, तो आता हातमोजे घालून हे निगुतीने करतो आणि पाहुण्यांना क्रमवार सांगतो, बहुधा पहिल्या घासाला. “अहो, जेवतायत ना ती!” असं काकू म्हणतात. काका म्हणतात, “म्हणूनच सांगतोय, पुढे काय होतं ते.”

तुम्हाला हे जोडपं कुठे भेटलं आणि त्यांनी जेवायला बोलावलं, तर खुशाल जा. थालीपीठ उत्तम असतं, वर लोणी असतं. फक्त बाथरूम कुठे आहे, हे काकूंना विचारा.