दोनशे मार्कांचं पान

रावेर-सावदा पट्ट्यातल्या आमच्या एका आप्पांनी परवा फोन केला. आवाजात पेढे होते. मुलाचं अकरावीचं नक्की झालं, सायन्स, आणि सोबत बायफोकलला, म्हणजे दोनशे गुणांच्या व्यावसायिक विषयाला, क्रॉप सायन्स.

मला भरून आलं. बारा एकर केळी, दोन बोअर, ठिबक, आणि आता शिकलेला वारस. म्हटलं, "वा आप्पा! पोरगा शेतीत येतोय तर."

पलीकडे शांतता. मग आप्पा दुखावल्या आवाजात म्हणाले, "शुभ बोला ना भो. शेतीत कशाला येईल? डॉक्टर करायचं त्याला. क्रॉप सायन्स स्कोरिंग आहे म्हणून घेतलं."

हा 'स्कोरिंग' शब्द जून महिन्यात खान्देशात पावसाच्याही आधी येतो. नीटच्या ७२० गुणांत क्रॉप सायन्सचा एकही प्रश्न नसतो. मेडिकलला बारावीच्या एकूण टक्क्यांना कुत्रं विचारत नाही. खुल्या वर्गाला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत मिळून ५० टक्के पडले की पात्रता झाली. मग हे दोनशे गुण कुणाच्या कामाचे? आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "टक्के तर दिसले पाहिजे ना! फ्लेक्सवर काय फक्त फोटो टाकायचा?"

कॉलेज निवडण्याची आप्पांची कसोटीही साधी आहे. २०२५पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, दहा पसंतीक्रम भरता येतात. प्रयोगशाळा कशी, ग्रंथालय कसं, शिक्षक किती, असलं आप्पांनी काही विचारलं नाही. जे कॉलेज मुलाला वर्षभर कमीत कमी बोलावेल ते पहिलं, त्याहून थोडं जास्त बोलावेल ते दुसरं. मुलगा राहणार लातूरला, नीटच्या क्लाससाठी, हॉस्टेलात. नाव राहणार इथल्या हजेरीपटावर. सावत्र भाऊसुद्धा एकमेकांपासून इतके लांब राहत नाहीत.

राहता राहिलं जर्नल. आता नीट वाचा, कारण मला आप्पांच्या मोठ्या मुलाबद्दल सांगायचंय, जो यंदाच बारावी झाला आणि ज्याच्या यशामुळे धाकट्यालाही हाच विषय मिळाला. प्रात्यक्षिकाला गुण भरघोस, म्हणून सरांनी केळीच्या पानाचे तीन नमुने चिकटवून आणायला सांगितले होते: एक निरोगी, एक करप्याचा, एक अन्नद्रव्य कमी पडल्याचा. मोठा तेव्हा लातूरला. आप्पांनी सालदाराला पाठवलं. सालदाराने पान आणलं ते अख्खं, आठ फुटी, खांद्यावर टाकून, सत्यनारायणाला आणतात तसं. जर्नल वीतभर. आप्पा म्हणाले, तुकडा काप. सालदार म्हणाला, आप्पा, तुकड्यात करपा कसा कळेल, तो खालच्या पानावरून वर चढतो, झाड बघायला लागतं. त्याचं बरोबर होतं, पण जर्नलात झाड मावत नाही. शेवटी तीन तुकडे कापले, सेलोटेपने चिकटवले, खाली जर्नल लिहून देणाऱ्या एका होतकरू मुलाने सुवाच्य अक्षरात नावं घातली. (जर्नल लिहून देणं हा जिल्ह्यातला सर्वांत खात्रीचा स्वयंरोजगार आहे, पण तो कोणत्याही करिअर मार्गदर्शन शिबिरात सांगत नाहीत.) दोन महिन्यांत काय व्हायचं ते झालं. निरोगी पान वाळून तपकिरी, करप्याचं पान वाळून तपकिरी, तिसरंही तपकिरी. तिन्ही पानं सारखी, तिन्हींखाली बरोबरची खूण, तिन्हींना पैकीच्या पैकी. तोंडी परीक्षेला मोठा गाडी करून आला. त्याला विचारलं, मृगबाग आणि कांदेबाग यात फरक काय? ज्याच्या घरी मृग नक्षत्रात एक लावण होते आणि पावसाळा सरल्यावर दुसरी, ज्याच्या दुधाचे, वह्यांचे, लातूरचे पैसे याच दोन बागांतून गेले, तो पोरगा क्षणभर विचार करून म्हणाला, "कांदेबागेत कांदे लावतात, सर."

दोनशेपैकी एकशे नव्वद.

धुळ्याला आप्पांची बहीण आहे. तिच्या मुलाने फिशरी घेतलंय. घर माळकरी, पांझरेत पाणी असलं तर असलं, पण विषय स्कोरिंग. मासा त्याने फक्त मोबाइलवर पाहिलाय, तोही तळलेला.

इथवर मी हसत होतो. मग आप्पांना सहज विचारलं, क्रॉप सायन्स घेतलं म्हणजे सोडलं काय? म्हणाले, "गणित सोडलं. आणि काय ते... मराठी." 'काय ते'! दोनशे गुणांचा विषय घेतला की एक ऐच्छिक विषय जातो आणि दुसरी भाषा जाते, हा नियम आहे. बायफोकल नको असेल तर आयटी आहेच, तोही मराठीच्याच जागेवर बसतो. २०२०चा मराठी सक्तीचा कायदा दहावीच्या उंबरठ्यावर चपला काढून थांबतो. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठी अभिजात झाली, आपण फेटे बांधले, आणि अकरावीच्या फॉर्मात ती आजही 'किंवा' आहे. लेवा बोलीत आणि अहिराणीत ज्या मुलखाने पिकाला, पावसाला, रोगाला स्वतःचे शब्द दिले, तिथला पोरगा मराठी सोडून पीकशास्त्र घेतो आणि पीकशास्त्र घेऊन शेत सोडतो. थंडीने केळी मार खाते त्याला त्याचा बाप 'चरका' म्हणतो, पानं चट्टेरी होतात त्या रोगाला 'हरण्या' म्हणतो, आणि हे शब्द त्या पोराला ना वहीत भेटले ना बांधावर, कारण बांधावर पाठवला तर अभ्यासाचं नुकसान होतं. मेमध्ये वादळाने बाग आडवी झाली तेव्हाही मोठ्याला कळवलं नाही, टेस्ट सिरीज चालू होती. आप्पांना तरी काय बोलू? त्यांच्या घरी सोयरीक घेऊन येणारे पाहुणे आधी सातबारा मागतात आणि मग विचारतात, मुलगा शेती तर करत नाही ना? जमीन पाहिजे, जमीन कसणारा नको. ज्या गावात ही अट जाहीर बोलायला कुणाला लाज वाटत नाही, तिथे पोराने क्रॉप सायन्स मार्कांसाठीच घ्यावं. त्याचं चुकलं कुठे? चुकलं आमचं, जे अजून 'कृषिप्रधान' हा शब्द घशात न अडकता म्हणतो.

असो. फ्लेक्स लागला. चौकात मोठ्याचा कोट घातलेला फोटो, मागे स्टेथोस्कोप (नीटचा निकाल यायचाय), खाली टक्के आणि शुभेच्छुकांची अकरा तोंडं. कोपऱ्यात, डिझाइनवाल्याच्या हौसेने, एक हिरवंगार केळीचं पान.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं साल ठरतं. यंदा त्याने वाढवून मागितलं. आप्पा म्हणाले, भाव नाही, काही नाही, कशाबद्दल वाढवू? तो म्हणाला, "आप्पा, औंदा दोन कामं केली. बागेचं केलं, अन् दादाची बारावी केली. आता बारक्याची पण मलेच करायची आहे ना?"

आप्पांनी साल वाढवलं. बारक्याच्या जर्नलचं वेगळं द्यायचं मात्र साफ नाकारलं. म्हणाले, ते सालातच धरलंय.