आधी गुडघा, मग पालथं

पॅरिसचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे चालतं, हे या ऑलिंपिकने मराठी मध्यमवर्गावर केलेले थोर उपकार. टोकियोच्या वेळी देशप्रेमासाठी भल्या पहाटे उठावं लागलं होतं आणि रिओच्या वेळी रात्र जागवावी लागली होती. पॅरिसचं काम सुटसुटीत. अंघोळ-पूजा उरकून टीव्हीसमोर बसावं, मधे वरणभात जेवावा आणि रात्री झोपायच्या वेळेपर्यंत देशाचं जे काही व्हायचं ते होऊन जातं.

१ ऑगस्ट २०२४, गुरुवार. त्या दिवशी मी रजा टाकली होती. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' असं लिहिलं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. अकरा वाजता वरच्या मजल्यावरचे काका आले. त्यांच्याकडे आमच्यापेक्षा मोठा टीव्ही आहे, पण सामना एकट्याने बघायचा नाही हे त्यांचं जुनं व्रत. ऐकायला कोणी नसेल तर बोलायचं कशासाठी, असा त्यामागचा विचार असावा.

सुरुवात वीस किलोमीटर चालण्याच्या शर्यतीने झाली. पॅरिसात विजा चमकत होत्या म्हणून शर्यत अर्धा तास पुढे ढकललेली. "आम्ही विजा कडाडत असताना सिंहगड चढलोय," काका म्हणाले. या शर्यतीत एक पाऊल सतत जमिनीला टेकलेलं लागतं आणि पुढचा पाय टेकल्यापासून अंग त्याच्यावरून पुढे जाईपर्यंत गुडघा वाकता कामा नये. पंच हे नुसत्या डोळ्यांनी बघतात. हा नियम मी साडेअकराला मोबाइलवर वाचून दाखवला आणि अकरा पस्तीसला काका आंतरराष्ट्रीय पंच झाले. "वाकला! तो तिसरा बघ, वाकला गुडघा! आता लाल कार्ड." काकांचे स्वतःचे दोन्ही गुडघे डॉक्टरांनी बदलायला सांगितले आहेत. त्यामुळे या विषयातला त्यांचा अधिकार मी मान्य केला.

पाऊण वाजता आई शेंगांचं ताट घेऊन येऊन बसली. एक वाजता पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्सची अंतिम फेरी होती आणि त्यात आठ जणांत आपला स्वप्निल कुसाळे होता. 'आपला' हे विशेषण त्याला आदल्या दिवशी, म्हणजे तो पात्रता फेरीत सातवा आल्यावर लागलं. त्याआधी तो राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा आणि मध्य रेल्वेचा होता. नोकरीने टीसी. मी आयुष्यात पुष्कळ टीसी पाहिले आहेत, पण त्यांच्यापैकी कोण रायफल चालवतो याची चौकशी करण्याचा प्रसंग आला नाही. आमची भेट व्हायची तेव्हा चर्चेचा विषय वेगळा असायचा.

नेमबाजी हा टीव्हीवर बघण्यासारखा खेळ नव्हे, हे एकदा सांगूनच टाकतो. जाडजूड, ताठर जाकिटं घातलेली आठ माणसं एका रांगेत, हलायचं नाही या एकाच जिद्दीने बसलेली असतात. पन्नास मीटरवरचं लक्ष्य आपल्याला दिसत नाही आणि गोळीही दिसत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात एक वर्तुळ असतं, त्यात एक ठिपका उमटतो आणि शेजारी १०.३ असा आकडा येतो. दहा गुणांचं वर्तुळ म्हणजे १०.४ मिलिमीटर व्यासाचं, शर्टाच्या बटणाएवढं. त्या बटणाच्या अगदी मध्यभागी लागलं तर १०.९.

"दहापैकी दहा पॉइंट नऊ?" आईने विचारलं. ती तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती. "हेडमास्तरांनी मला काढून टाकलं असतं."

मग तिने खेळाकडे नीट बघितलं. यात आधी गुडघ्यावर बसून पंधरा गोळ्या, मग पालथं पडून पंधरा आणि शेवटी उभं राहून पंधरा. आईने हातातली शेंग तशीच धरली. "हे उलटं आहे. बाळ आधी पालथं पडतं, मग गुडघ्यावर येतं, मग उभं राहतं. यांना कोणी सांगितलं नाही का?"

या आक्षेपावर तिथल्या समालोचकाकडेही उत्तर नसतं. त्याच्याकडे एकूणच फार काही नव्हतं. आवाज खाली आणायचा आणि "दडपण आहे, प्रचंड दडपण आहे" असं म्हणायचं, एवढ्या भांडवलावर त्याने तासभर काढला. गुडघ्यावरच्या फेरीनंतर स्वप्निल सहावा होता, पालथं पडून पाचवा झाला. दीड वाजता बेल्जियमबरोबर हॉकी सुरू झाली आणि काकांनी रिमोटकडे हात नेला. तो रिमोट मी ज्या पकडीने राखला, ती कुस्तीच्या आखाड्यात मोजली गेली असती. उभं राहून मारायला लागल्यावर पोरगं वर सरकायला लागलं. खोलीत कोणी बोलेना. शेंगा फुटायच्या थांबल्या. ४५१.४ वर तो थांबला तेव्हा चीनचा आणि युक्रेनचा असे दोघेच पुढे उरले होते. ब्राँझ. काका म्हणाले, "मी म्हटलंच होतं." ते हॉकीचं म्हणत होते.

यानंतर मी घोडचूक केली आणि बातम्या लावल्या.

ऑलिंपिकची चलचित्रं दाखवायचे हक्क वृत्तवाहिन्यांकडे नसतात, पण उत्साह असतो. त्यामुळे एकच स्थिर फोटो घ्यायचा, तो डावीकडून आणायचा, उजवीकडे न्यायचा, मोठा करायचा, लहान करायचा आणि त्याच्यावर 'सर्वात आधी आमच्याकडे' असं लिहायचं. अंतिम फेरीत एकदाही न हललेला माणूस बातम्यांत तिरपा होऊन गरगरत होता. निवेदिका सांगत होती की पॅरिसमध्ये कोल्हापूरचा डंका वाजला. नेमबाजी शातोरूला होती. ते पॅरिसपासून अडीचशे किलोमीटरच्या पुढे आहे. मुंबईतली स्पर्धा साताऱ्यात भरवावी तसं. पण वाहिन्यांना आपण तरी किती बोलणार? खुद्द पॅरिस ऑलिंपिकचं सर्फिंग ताहितीच्या समुद्रात चाललं होतं.

तोवर दुसऱ्या वाहिनीचा प्रतिनिधी कांबळवाडीत पोचला. स्वप्निलचे वडील शिक्षक आणि आई गावची सरपंच. प्रतिनिधीने विचारलं, "कसं वाटतंय?" जगबुडी होऊन एक मनुष्य तराफ्यावर वाचला, तर त्यालाही पहिला प्रश्न हाच विचारतील. तिकडे स्टुडिओत तज्ज्ञ म्हणून एक माजी क्रिकेटपटू बसले होते. त्यांनी रायफल नेमबाजी आणि शेवटच्या षटकातली गोलंदाजी यांतलं साम्य उलगडून दाखवलं. मधल्या जाहिरातीतही क्रिकेटपटूच होते. एक टायर विकत होता, एक बनियन.

एका वाहिनीने मात्र आठवण ठेवून खाशाबा जाधवांचा काळापांढरा फोटो लावला. वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारा त्यांच्यानंतरचा पहिला मराठी माणूस स्वप्निल, आणि मधे बहात्तर वर्षं. फोटो चार सेकंद राहिला, कारण तो गरगर फिरवण्याइतका मोठा नसावा. कराडजवळच्या गोळेश्वरचे हे पैलवान १९५२ साली हेलसिंकीला गेले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि पंधरा मिनिटांच्या वाटेला सात तास लागले, असं सांगतात. देशात टीव्हीच नव्हता. म्हणजे त्या सात तासांत कोणी त्यांना कसं वाटतंय ते विचारलं नाही. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला, तेव्हाही विचारायची सोय राहिली नाही. स्वप्निलच्या बाबतीत सरकारने धडा घेतलेला दिसला. एक कोटीची घोषणा लगेच झाली आणि रेल्वेने टीसीचा विशेष कार्याधिकारी केला. गाडी वेळेच्या आधी फलाटाला लागल्याचं दृश्य दुर्मीळ, ते त्या दिवशी पाहिलं.

उरलेला दिवस थोडक्यात सांगतो, कारण तो तसाच गेला. हॉकीत बेल्जियमकडून १-२. बॉक्सिंगमध्ये निखत झरीन हरली. बॅडमिंटनमध्ये सात्विक आणि चिराग पहिला गेम घेऊन हरले. नेमबाजीच्या बातम्यांपायी यातलं निम्मं मी बघितलंच नाही, आणि काकांनी बघितलेल्या निम्म्याचा दोष माझ्यावर ठेवला. रात्री सिंधू चीनच्या हे बिंगजियाओकडून हरली. टोकियोत ब्राँझसाठी हिलाच तिने हरवलं होतं, ही आठवण समालोचकाने प्रत्येक गुणानंतर काढली. मी असतो तर मीही हरलो असतो.

साडेअकरा वाजले. काका उठायचं नाव घेईनात. स्वप्निलने नेमकं काय केलं हे आईला कळलेलं नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. दाराशी निथळत ठेवलेली माझी छत्री त्यांनी उचलली, दांडा खांद्याला लावला, एक डोळा मिटला आणि डावा पाय पुढे घेऊन उजव्या गुडघ्यावर बसले. "याला म्हणतात नीलिंग. श्वास रोखायचा. दोन ठोक्यांच्या मधे चाप." त्यांनी फ्रिजवरच्या गणपतीच्या चुंबकावर नेम धरला. श्वास रोखला. सोडला. पुन्हा रोखला. मग छत्री हळूच जमिनीला टेकवून तिच्यावर भार दिला आणि चेहरा वेगळाच केला.

"काका, काय झालं?"

"उठता येत नाहीये."

आई ताटातली फोलपटं गोळा करत होती. तिने मान वर केली नाही. "मग पडा पालथे. तुमच्या खेळात पुढचं तेच आहे ना?"