प्रागच्या शून्य टक्केवाल्या शेठना अनावृत पत्र

मा. शेठ,
मनी एक्सचेंजवाले, ओल्ड टाउन स्क्वेअरजवळ, प्राग



आपल्या काचेवरची ‘शून्य टक्के कमिशन’ ही पाटी अख्ख्या चौकातून वाचता येते, याबद्दल आधी अभिनंदन. त्यातलं शून्य तर असं की एखादं पोर आरपार निघून जाईल. शिवाय पाटी खोटीही नाही. आपण कमिशन घेतच नाही. थेट मुद्दलालाच हात घालता.

टूर मॅनेजरने आम्हाला बसमध्येच बजावलं होतं, पाकीटमारांपासून सावध राहा. त्यामुळे चार्ल्स ब्रिजवर ग्रुपमधल्या प्रत्येकाने पर्स पोटाशी घट्ट धरलेली. 1357 साली पायाभरणी झालेला पूल, दोन्ही कठड्यांवर संतांचे पुतळे, आणि आमची मंडळी संतांकडे पाठ करून एकमेकांच्या चेनी तपासतायत! त्याच हातांनी मग त्याच पर्स उघडून आपल्या खिडकीत नोटा सरकवल्या. मला त्या पाकीटमारांची दया आली. बिचाऱ्यांनी गर्दीत घुसायचं, पोलिसांना चुकवायचं, आणि आपण मात्र एसीत बसून वर छापील पावती देणार.

आपली कला समजून घ्यायला मला जरा वेळ लागला. चेक प्रजासत्ताक 2004 पासून युरोपीय संघात आहे, पण युरो त्यांनी घेतलेला नाही. तिथे कोरुनाच चालतो. एका युरोला साधारण 25 कोरुना मिळायला हवेत. फळ्यावर ठळक आकड्यांत लिहिलेला भाव असतो तो आपण युरो विकण्याचा. आमच्याकडून युरो घेण्याचा भाव खाली कोपऱ्यात, चष्मा पुसूनही दिसू नये अशा बेताने. ग्रुपमधल्या काकांनी 200 युरो दिले आणि हातात आले 3400 कोरुना. म्हणजे भाव 17चा. सोळाशेच्या आसपास कोरुना जागच्या जागी गुप्त! काका बँकेतून निवृत्त झालेले, आयुष्यभर लोकांच्या व्हाउचरवर लाल पेन चालवलेले. त्यांनी जाब विचारला, तर काउंटरवरच्या मुलीने हसून पाटीकडे बोट दाखवलं. शून्य टक्के.

आपले एक धाकटे बंधू फुटपाथवरच उभे असतात. ते भाव आपल्यापेक्षा चांगला देतात, नोटा मात्र बेलारूसच्या. बेलारूसने 2016 मध्ये आपल्या रूबलवरची चार शून्यं काढून टाकली. त्याआधीच्या बाद नोटा घरी नेऊन पोरांना व्यापार खेळायला द्याव्यात, एवढ्याच लायकीच्या. त्यांच्यापुढे आपण सज्जनच म्हणायचे.

शेजारच्या स्टॉलवरचा गोड त्रदेलनिक प्रागचा पुरातन पदार्थ म्हणून खपवतात. त्याबद्दल पुन्हा कधीतरी. पोट तरी भरतं त्याने.

आपल्या चौकातलं ते 1410 सालचं खगोलीय घड्याळ. दर तासाला सांगाडा घंटा वाजवतो, वरच्या खिडक्यांतून येशूचे शिष्य एकेक करून दर्शन देतात, खाली तोंडं वर करून ही गर्दी. त्याच घड्याळावर हातात पैशांची थैली धरलेला एक कंजूष आहे, तो आपण रोज पाहत असालच. तो मान हलवतो, थैली हलवतो, पण कुणाची दमडी घेत नाही. धंद्यात अगदीच कच्चा.

त्या घड्याळाचे ठोके मात्र आपल्याला आवडत नसावेत. 1 एप्रिल 2019 पासून चेक कायद्याने गिऱ्हाइकाला मुभा दिली आहे: 1000 युरोपर्यंत बदललेले पैसे तीन तासांच्या आत परत मागता येतात. तारीख काय छान निवडली! एवढं मोठं शून्य मावलेल्या काचेवर ही ओळही दिमाखात मावली असती.

काका पावती घेऊन परत आले, तोवर एकच तास झाला होता. मघाशी फाडफाड बोलणाऱ्या मुलीला आता इंग्रजी येईना. काकांनी पावतीवरच्या वेळेखाली नखाने रेघ ओढली आणि एवढंच म्हणाले, ‘चेक नॅशनल बँक’. परवाना कोण देतं, हे तिला बरोबर आठवलं. 200 युरो खिडकीतून बाहेर आले. थँक्यू तेवढं या वेळी आलं नाही.

काकांनी पावतीचा आणि आपल्या फळ्याचा फोटो ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर टाकलाय. मे महिन्यात त्यांच्यातले काही जण तिकडे येतायत, त्यात ऑडिटर बरेच आहेत. सगळे सावकाश बोलतात आणि सगळ्यांचे गुडघे दुखतात. काउंटरपाशी दोन-चार खुर्च्या टाकून ठेवाव्यात, ही विनंती.

कळावे. लोभ आपल्यापाशी आहेच.

एक गिऱ्हाईक