स्टॉपवॉच संप्रदायास अनावृत पत्र

हातात स्टॉपवॉच धरून पार्श्वसंगीत ऐकणाऱ्या समस्त संग्राहक बंधुभगिनींस,



पत्रास कारण की, आपल्या गाऱ्हाण्यांचा मोसम पुन्हा भरात आला आहे. एखाद्या जुन्या हॉलिवूडपटाच्या पार्श्वसंगीताची नवी आवृत्ती निघते. दोन-तीन सीडींचा देखणा संच, सोबत जाडजूड पुस्तिका, वेष्टनावर ‘संपूर्ण’ असा शिक्का. तो एकदा सलग ऐकून व्हायच्या आत आपला निवाडा जाहीर होतो: संपूर्ण नाही. पाठलागाचे अकरा सेकंद गाळले आहेत, तिसऱ्या तुकड्यात कोणीतरी बारीकशी कात्री चालवली आहे, आणि अखेरच्या श्रेयनामावलीचा टेक चित्रपटातला नव्हेच. आपल्या कानांचे कौतुक करावे तेवढे थोडे. ते अकरा सेकंद ज्यांनी वाजवले त्या वादकांनाही दुसऱ्या दिवशी ते आठवले नसतील. आपल्या चिकाटीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्या एका गृहीताबद्दल. कुठेतरी काठोकाठ भरलेला एक रांजण आहे आणि कंपन्या त्यातले पाणी मापाने विकताहेत, असे आपण धरून चालता. असा रांजण नाही. मोठ्या चित्रपटाच्या संगीताची निदान चार रूपे असतात: संगीतकाराने लिहिलेले, स्टुडिओत वाजवले गेलेले, पडद्यावर ऐकू आलेले आणि तबकडीसाठी बांधलेले. यातले एक पुरे करायला जावे तर दुसरे उणे पडते.

उदाहरणादाखल १९७९चा ‘एलियन’ घ्या. जेरी गोल्डस्मिथ यांनी सुरुवातीच्या श्रेयनामावलीसाठी एक भारदस्त, जराशी स्वप्नाळू रचना केली. दिग्दर्शक रिडली स्कॉट यांना ती नको होती, तेव्हा गोल्डस्मिथ यांनी दुसरी, कुंद आणि विक्षिप्त रचना करून दिली. संकलनात आणखी उलथापालथ झाली. काही प्रसंगांवर गोल्डस्मिथ यांच्याच १९६२च्या ‘फ्रॉइड’मधले तुकडे चढवले गेले आणि शेवटी तर हॉवर्ड हॅन्सन यांची दुसरी सिंफनी येऊन बसली. आता सांगा, ‘एलियन’चे संपूर्ण संगीत कोणते? पडद्यावरचे म्हणाल तर ‘फ्रॉइड’ आणि हॅन्सन यांनाही संचात घ्यावे लागेल. लिहिलेले म्हणाल तर चित्रपटात कधीच न वाजलेले बरेच काही येईल. आणि जुन्या तबकडीवरचे म्हणाल, तर तिच्यावर संगीतकाराने आपली नाकारली गेलेली पहिली रचनाच मानाने वर बसवली आहे. २००७मध्ये इंट्राडा कंपनीने दोन सीडींत मूळ संगीत, बदललेले तुकडे आणि जुना अल्बम हे सगळे एकत्र दिले. ते शहाणपणाचे होते, कारण ही रूपे वेगवेगळी आहेत हे त्यात मान्य केलेले होते. आपण मात्र त्यातही कोणता टेक कुठला याच्या याद्या करत बसलात.

यावर आपल्यातले कर्मठ म्हणतील की पडद्यावर वाजले तेच अस्सल, बाकी सारे परिशिष्ट. दिसायला हा युक्तिवाद भक्कम आहे. पण पडद्यावरचे संगीत हे संकलकाच्या टेबलावरून आलेले असते. संवाद आला की ते दाबले जाते, दृश्य लांबले की तोच तुकडा दुसऱ्यांदा लावला जातो, स्फोटाखाली अख्खा ब्रास विभाग गाडला जातो. ‘ई. टी.’च्या शेवटाची कथा आपल्याला तोंडपाठ असेल. चित्राशी ताल जुळेना, तेव्हा स्पिलबर्ग यांनी समोरचा पडदा बंद करायला लावला, जॉन विल्यम्स यांना मैफलीत वाजवतात तसे वाजवू द्या म्हटले आणि नंतर त्या वादनाबरहुकूम चित्रपट कापला. ही कथा लोक इतक्या कौतुकाने सांगतात, कारण एरवी कात्री नेहमी संगीतावर चालते. आणि ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’चे आपण काय करणार? अॅलेक्स नॉर्थ यांनी लिहून ध्वनिमुद्रित केलेले संगीत कुब्रिक यांनी सगळेच्या सगळे बाजूला ठेवले. गोल्डस्मिथ यांनी १९९३मध्ये ते नव्याने वाजवून घेतले, आणि २००७मध्ये नॉर्थ यांचे मूळ ध्वनिमुद्रण बाहेर आले. पडद्यावर त्यातला एक स्वरही नाही, तरी आपण रांगेत उभे राहून ते विकत घेतलेत. त्यात चूक काहीच नव्हती, फक्त पडद्याचे सोवळे त्याच दिवशी मोडले. गंमत अशी की ‘२००१’च्या १९६८च्या अधिकृत तबकडीवरचे ‘झरथुष्ट्र’ या सुरावटीचे वादन कार्ल ब्यॉम यांच्या संचालनातले आहे आणि चित्रपटातले कारायान यांच्या. ज्या सुरावटीने तो चित्रपट जगाला ओळखू येतो, तिचीच ही कथा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे. आपण म्हणता, जुने अल्बम आखूड होते ते कलेसाठी नव्हे, पैशासाठी. खरे आहे. लाँग प्लेच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांच्या पलीकडे जायचे तर आवाज क्षीण होई. पुढे सीडीवर चौऱ्याहत्तर मिनिटे मावू लागली, तरी लॉस एंजेलिसमध्ये मुद्रित झालेले संगीत विक्रीला काढायचे तर वादकसंघाच्या करारानुसार वादकांना पुन्हा मोबदला द्यावा लागे, आणि लांबीबरोबर तो वाढत जाई. १९९०च्या दशकात व्हारेझ साराबांद कंपनीच्या कितीतरी सीडी अर्ध्या तासात उरकत, त्यामागे सौंदर्यदृष्टी नव्हती, हिशेब होता. आपल्याकडच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर सव्वातीन मिनिटांत न मावलेले कडवे चित्रपटातच राहून जाई, त्याच जातीची ही अडचण. (आपल्याकडे पार्श्वसंगीताची तबकडी निघणे हाच मुळात अपवाद, त्यामुळे अकरा सेकंदांवरून भांडण्याची चैन आपल्या वाट्याला फारशी आली नाही.) तेव्हा अर्ध्या तासाच्या त्या सीडींबद्दल आपला राग रास्त आहे. पण जागा मुबलक असतानाही संगीतकार काय करतो ते पाहा. ‘स्टार वॉर्स’ १९७७मध्ये लंडन सिंफनीने लंडनजवळ वाजवले आणि त्याची दुहेरी लाँग प्ले निघाली, सुमारे सव्वा तासाची. विल्यम्स यांनी तिच्यात कथेचा क्रम पाळला नाही. राजकन्या लेयाचे स्वतंत्र मैफली रूप पुढे आणून ठेवले, वेगवेगळ्या प्रसंगांचे तुकडे सांधून एकेक बाजू तिच्या चढउतारासह बांधली. ही तडजोड नव्हती, रचना होती. घटनाक्रमाने लावलेल्या आवृत्तीत कथा कळते. तीत उत्कर्षबिंदू कुठे यावा हे मात्र पटकथेने ठरवलेले असते, आणि पटकथेला ऑर्केस्ट्राच्या दमाची काळजी नसते. १९९७च्या दोन सीडींच्या आवृत्तीत आपल्याला सगळे काही मिळाले, पहिल्या सीडीच्या शेवटी लपवून ठेवलेले शीर्षकसंगीताचे पाच टेकसुद्धा. पाचही टेक पाठोपाठ ऐकून त्यांतला फरक सांगणारे सज्जन आपल्यात आहेत हे मी जाणतो. त्या सज्जनांनी शेवटच्या टेकपर्यंत पोचताना संगीत ऐकले की हजेरी घेतली, एवढे प्रामाणिकपणे सांगावे.

“मग पुढचे गाणे दाबा, आपल्याला हवा तसा क्रम लावून घ्या,” हे आपले आवडते उत्तर. ‘जॉज’ त्याला पुरून उरतो. १९७५ची तबकडी विल्यम्स यांनी तिच्यासाठी वेगळी वाजवून घेतली होती. ती चित्रपटाची फीत नव्हती. पंचवीस वर्षे जगाने घरी ‘जॉज’ म्हणून तेच वादन ऐकले. २०००मध्ये डेका कंपनीने चित्रपटातले मूळ वादन प्रथमच बाहेर काढले, आपण संपूर्णतेचा जयजयकार केला, आणि त्या सीडीवर जुन्या वादनाला जागा उरली नाही. जे वादन डबीत नाही त्याचा क्रम कोणते बटण दाबून लावणार?

जतनाबद्दल मात्र मी आपल्यापुढे हात जोडतो, आणि यात उपरोध नाही. १९६०च्या दशकाच्या शेवटी एमजीएमने आपल्या संगीतग्रंथालयातली स्वरलिपीची बाडे कचऱ्यात टाकली. चुंबकीय फिल्मचा अॅसिटेट कुजतो, डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो, फीत आक्रसते, आणि मग तिला यंत्रात घालण्याची एखादीच संधी उरते. मर्यादित प्रतींसाठी आगाऊ पैसे मोजणारे आपण नसता, तर तो खर्च करायला कोणताही स्टुडिओ धजला नसता. पण फीत वाचवणे वेगळे आणि वाचलेली प्रत्येक फीत तशीच्या तशी ऐकवणे वेगळे. दफ्तर दफ्तरासारखे लावावे, अल्बम अल्बमसारखा. शिवाय काही ठिकाणी आपले स्टॉपवॉच निरुपयोगीच आहे. ‘व्हर्टिगो’च्या वेळी अमेरिकेत वादकांचा संप होता, म्हणून म्युअर मॅथीसन यांनी बर्नार्ड हरमन यांचे संगीत लंडनमध्ये वाजवायला घेतले. तिथल्या वादकांनी सहानुभूतीने काम थांबवले, तेव्हा उरलेले व्हिएन्नात पुरे झाले. लंडनचे स्टिरिओ, व्हिएन्नाचे मोनो. त्याला एकसंध ‘संपूर्ण’ कसे करणार? ‘सायको’ हरमन यांनी १९७५मध्ये स्वतः पुन्हा वाजवून घेतले. ते पूर्ण आहे, पण चित्रपटाहून संथ आहे. पूर्ण हवे की मूळ, याचे उत्तर आधी आपसात ठरवा, मग कंपन्यांना पत्रे लिहा.

मागणी साधी आहे. पुढच्या संचात पहिली सीडी संगीतकाराने बांधलेल्या अल्बमची असू द्या, त्याच क्रमाने, त्याच सांध्यांसह. नंतरच्या सीडींवर लिहिलेले, वाजवलेले, नाकारलेले सगळे घाला. अकरा सेकंदही घाला. वेष्टनावर ‘संपूर्ण’ न छापता, काय कुठून घेतले आणि काय सापडले नाही ते मागच्या बाजूला छापा.

आणि आपल्यापैकी ज्यांनी २०००मध्ये नवी ‘जॉज’ घेऊन जुनी तबकडी अपूर्ण म्हणून रद्दीच्या भावात काढली असेल, त्यांनी २०१५चा इंट्राडाचा दोन सीडींचा संच पाहावा. पहिल्या सीडीवर चित्रपटातले वादन आहे. दुसरीवर तीच जुनी तबकडी आहे, आणि आता तिची किंमत संचाच्या किमतीत धरलेली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
अपुऱ्या तबकड्यांचा एक श्रोता